शलगम आणि रुटाबागा: बटाटा समजलात की फसलात

एडिनबरातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे टर्निप मागितला. माझ्या डोळ्यांसमोर होता थंडीत पुण्याच्या मंडईत दिसणारा शलगम. पांढरा, डोक्याकडे जांभळा, मुठीत मावणारा. त्याने पिशवीत टाकला किलोभराचा मातकट गोळा, आतून पिवळा. भूक लागलेली होती. म्हटलं कंदच आहे ना, बटाट्यासारखा करू. फोडी केल्या, कुकरला लावल्या, चार शिट्ट्या घेतल्या. झाकण उघडलं आणि घरातल्या बाकीच्या दोघांनी एक शब्द न बोलता खिडक्या उघडल्या. भाजीचं गोडसर गिचका झालेलं होतं आणि वास शिळ्या कोबीचा.

पुढच्या आठवड्यात खरा शलगम सापडला, तोही पाल्यासकट. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. साताऱ्यात बसून तिने दोन सेकंदांत निकाल दिला. "अरे, पाला बघ की. हा मुळ्यातला आहे. बटाट्यासारखा कसा वागेल?"

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मुळा, शलगम, रुटाबागा, कोबी, नवलकोल आणि आपल्या फोडणीतली मोहरी, सगळी एकाच कुळातली. हे एकदा ध्यानात आलं की या दोन कंदांचं काय करायचं ते मराठी स्वयंपाकघराला आधीपासूनच माहीत असतं.

दुकानात नावावर जाऊ नका, रंग बघा

नावांचा इतका घोळ दुसऱ्या कुठल्या भाजीत नसेल. इंग्लंडमध्ये लहान पांढरा तो टर्निप आणि मोठा पिवळा तो स्वीड. स्कॉटलंडमध्ये मात्र लोक मोठ्या पिवळ्यालाच टर्निप म्हणतात, लाडाने नीप. सुपरमार्केटच्या पाटीवर त्याच पिवळ्याला स्वीड लिहिलेलं असतं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये पेस्टीत, म्हणजे मांस-भाज्या भरून भाजलेल्या मोठ्या करंजीत, 'टर्निप' घालतात असं तिथले लोक सांगतात, तोही पिवळाच. अमेरिकेत पिवळ्याला रुटाबागा म्हणतात. न्यू जर्सीच्या वहिनी आणि मी फोनवर अर्धा तास एकाच भाजीबद्दल बोलत होतो, आणि शेवटी कळलं की भाज्या दोन होत्या.

म्हणून या लेखात पांढऱ्या गराचा तो शलगम आणि पिवळ्या गराचा तो रुटाबागा. कापलेला नसेल तर मान बघा. रुटाबागाच्या डोक्यावर, जिथे पानं होती तिथे, वळ्यावळ्यांची जाड मान असते. शलगमचं डोकं सपाट असतं. पाला असेल तर प्रश्नच मिटला. शलगमची पानं हिरवीगार, थोडी खरखरीत, मुळ्याच्या पाल्यासारखी असतात, तर रुटाबागाची निळसर आणि गुळगुळीत, कोबीसारखी.

ते कोबीचं साम्य उगाच नाही. रुटाबागा हा शलगम आणि कोबी यांच्या संकरातून झालेला आहे. शलगमची गुणसूत्रं 20, कोबीची 18, आणि रुटाबागाची बरोब्बर 38. मोहरीच्या कुळातली ही सोयरीक वू जांग-चून या संशोधकाने 1935 मध्ये मांडली. स्वित्झर्लंडच्या गास्पार बोआँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1620 मध्येच स्वीडनमधल्या या कंदाची नोंद करून ठेवली होती. स्वीड हे नाव त्या देशावरून पडलं आणि रुटाबागा हा शब्दही स्वीडिश बोलीतलाच.

स्वयंपाकासाठी यातून घ्यायचं ते एवढंच. शलगमला मुळ्यासारखं वागवा. रुटाबागाला अर्धं कोबीसारखं आणि अर्धं लाल भोपळ्यासारखं. बटाट्यासारखं दोघांनाही नाही, कारण दोघांत पिठूळपणा जवळजवळ नाहीच, बहुतेक पाणी. 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे 77 कॅलरी असतात, रुटाबागात 37 आणि शलगममध्ये 28. भात-बटाटा कमी करायला सांगितलेल्यांना हे बरं वाटेल. पण याच कारणाने यांचे बटाटेवडे होत नाहीत. मी करून पाहिलेत. सारण पाणी सोडतं, वडा तेलात फुटतो आणि मग तेलाशी भांडण सुरू होतं.

कसा निवडायचा

शलगम लहान घ्या, संत्र्याएवढा किंवा त्याहून छोटा. उचलून बघा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. मोठा आणि हलका शलगम म्हणजे जून मुळा. आत जाळी पडलेली, कडवट आणि चावताना कापूस. जांभळा रंग म्हणजे काही वेगळी जात किंवा डाग नाही. कंदाचा जो भाग मातीच्या वर राहून ऊन खातो तो जांभळा होतो.

रुटाबागाला मोठेपणाचं वावडं नाही. अर्धा किलो ते किलोभराचा सहज मिळतो. सुरकुतलेला, दाबला तर दबणारा घेऊ नका. थंडी पडून गेल्यानंतरचा जास्त गोड असतो, कारण थंडीत कंदात साखर वाढते. इथले भाजीवाले हे अभिमानाने सांगतात आणि या बाबतीत ते खरं बोलतात.

अमेरिकेत किंवा कॅनडात असाल तर रुटाबागा हाताला गुळगुळीत, चकचकीत लागेल. ते मेण आहे. साठवणुकीत कंद सुकू नये म्हणून लावतात. धुऊन जात नाही, खायचंही नाही. सालीबरोबर काढून टाका.

सोलणं आणि चिरणं

शलगम लहान आणि कोवळा असेल तर सोलाण्याने पातळ साल काढली की झालं. मोठा असेल तर आडवा कापून बघा. कडेला, सालीच्या आत, एक बारीक गोल रेघ दिसेल. त्या रेघेच्या बाहेरचा भाग चिवट आणि कडू असतो. तिथपर्यंत सोला. वाया जातंय असं वाटतं, पण निम्मा कडवटपणा तिथेच जातो.

रुटाबागा चिरणं हे नवख्यांचं खरं संकट. तो कडक असतो, गोल असतो आणि घरंगळतो. माझ्या डाव्या तर्जनीवर त्याची एक खूण आहे. आधी खालून एक चकती कापून बूड सपाट करा आणि त्या बुडावर तो उभा ठेवा. मग मोठी, जड सुरी वरून रोवून दोन्ही हातांनी दाबत खाली न्या. करवतीसारखी घासू नका. दोन अर्धुकं झाली की प्रत्येक अर्धुक सपाट बाजूवर पालथं टाका आणि मग चिरा. साल त्यानंतर काढा, फोडींवरून सुरीनेच. अख्खा असताना सोलायला गेलात तर हातातून निसटतो. विळी असेल तर उत्तम, पण इथे विळी आणायची म्हणजे सामानाच्या तपासणीत तासभर जातो.

वासाचं काय करायचं

मोहरीच्या कुळातल्या सगळ्यांत गंधकाची संयुगं असतात. कंद चिरला, किसला की पेशी फुटतात, मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्या संयुगांना भेटतं आणि झणका तयार होतो. मोहरी गार पाण्यात फेसली की नाकात जाते, ती याच कारणाने. कच्च्या किसाला तो झणका शोभतो. पण तेच कंद बंद भांड्यात फार वेळ शिजले की त्या संयुगांचा कोबी उकडल्यासारखा वास सुटतो. जितका वेळ जास्त, तितका वास जास्त.

म्हणून कुकर विसरा. उघड्या पातेल्यात भरपूर पाणी उकळा, मीठ घाला, मग फोडी टाका. झाकण नको. दोन सेंटिमीटरच्या फोडी असतील तर शलगम 10 ते 12 मिनिटांत शिजतो. रुटाबागाला 20 ते 25 मिनिटं लागतात, म्हणून त्याच्या फोडी लहान करा, वेळ वाचतो आणि वासही. जून शलगम असेल तर पाच मिनिटं उकळून ते पाणी ओतून द्या आणि पुढे नव्या पाण्यात शिजवा. शिजला की पाणी पूर्ण निथळा आणि रिकाम्या पातेल्यात फोडी परत टाकून मंद आचेवर दोन मिनिटं हलवा. वाफ उडून जाऊ द्या. ही दोन मिनिटं वाचवली की भरीत पाणचट होणार, हे मी लिहून देतो.

थायरॉइडचा त्रास असेल आणि कच्चे शलगम रोज खायचे मनात असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

शलगमची कोशिंबीर: पहिल्या दिवशी हीच करा

शिजवण्याची भानगड नाही म्हणून सुरुवात इथून. दोन कोवळे शलगम सोलून किसा, अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. पाणी बरंच निघतं. ते फेकू नका, त्यात कणीक मळा. आई मुळ्याच्या पाण्यात मळायची तशीच. किसात घट्ट दही, दोन चमचे दाण्याचं कूट, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर साखर. वरून तेलाची हिंग-जिऱ्याची फोडणी. मीठ आधी चाखून मगच वाढवा, किसात पुष्कळ राहिलेलं असतं.

पीठ पेरून भाजी

अर्धा किलो शलगम, म्हणजे मध्यम चार. सेंटिमीटरभराच्या फोडी करा. कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, हळद, थोड्या लसणाच्या पाकळ्या ठेचून. फोडी टाका आणि झाकण न ठेवता मध्यम आचेवर 8 ते 10 मिनिटं परता. कडा जरा लाल होऊ द्या. मग लाल तिखट, मीठ, किंचित गूळ. आता चार मोठे चमचे बेसन हाताने भुरभुरवत पेरा, एकदम ओतू नका. पाण्याचा हलका हबका मारा, झाकण ठेवा आणि चार-पाच मिनिटं वाफ द्या. उलथन्याने खरवडत हलवा. खरपूस चिकटलेलं जे निघतं ते स्वतःच्या ताटात घ्यायचं, करणाऱ्याचा तो हक्क.

पाला मिळाला असेल तर तो टाकणं म्हणजे निम्मी भाजी टाकणं. देठ काढून बारीक चिरा आणि मुळ्याच्या पाल्यासारखीच भिजवलेली मूगडाळ घालून, लसणाच्या फोडणीवर परता. शलगम घरी आणला की पाला लगेच कापून वेगळा ठेवा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढतो आणि कंद मऊ पडतो.

रुटाबागाचं भरीत, मोहरी फेसून

माझ्या मते रुटाबागाचा जन्म यासाठीच झाला, फक्त तो चुकीच्या देशात झाला. लाल भोपळ्याचं मोहरी फेसून भरीत ज्यांच्या घरी होतं त्यांना पुढचं वाचायचीही गरज नाही.

अर्धा किलो रुटाबागा वर सांगितल्यासारखा उकडा, निथळा, वाफ उडवा आणि कुस्करा. अगदी मऊ लापशी नको, थोडे गोळे राहू द्या. पूर्ण गार होऊ द्या. एक चमचा मोहरी, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे गार पाणी खलबत्त्यात घोटा. लहान मिक्सरही चालेल. पांढरट फेस आला आणि डोळ्यांत पाणी आलं की झाली. पाणी गारच हवं. गरम पाण्याने विकर मरतं, झणका येतच नाही, नुसता कडवटपणा उरतो. फेसलेली मोहरी एक वाटी घट्ट दह्यात कालवा, मग ते दही कुस्करलेल्या रुटाबागात मिसळा. मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर. साखर घालू नका, रुटाबागा मुळात गोड आहे. वरून तुपाची जिऱ्याची फोडणी. अर्धा तास मुरू द्या.

घाईत भरीत गरम असताना मोहरी घातली तर झणका वाफेबरोबर उडून जातो आणि दही फुटतं. दोन्ही अनुभव घेतलेत.

नीप्स, म्हणजे इथली पद्धत

रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा लाडका कवी, जन्म 25 जानेवारी 1759. दर वर्षी त्या रात्री इथे हॅगिस, नीप्स आणि टॅटीज जेवतात. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज-फुफ्फुस ओटमध्ये मिसळून शिजवलेला पदार्थ. टॅटीज म्हणजे बटाटे. नीप्स म्हणजे उकडून कुस्करलेला रुटाबागा, त्यात लोणी, मीठ आणि हात सैल सोडून घातलेली मिरीपूड. बस. ऑर्कनी बेटांवर बटाटा आणि रुटाबागा एकत्र कुस्करतात, वर कांद्याची पात. त्याला क्लॅपशॉट म्हणतात. यात लोण्याऐवजी साजूक तूप आणि कुटलेली लसूण घालून पाहा. माझ्या स्कॉटिश शेजारीणबाई दोनदा मागून घेतात, पण पाककृती विचारत नाहीत.

सगळ्यांनाच त्याचं कौतुक असतं असं नाही. पहिल्या महायुद्धात, 1916-17 च्या हिवाळ्यात, जर्मनीत बटाट्याचं पीक रोगाने गेलं, वर ब्रिटिशांची नाकेबंदी. जनावरांना घालायचा रुटाबागा माणसांच्या ताटात तीन-तीन वेळा आला, सूप म्हणून, पावात, मुरंब्यात. तो काळ तिकडे 'रुटाबागाचा हिवाळा' म्हणूनच ओळखला जातो. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धात तीच गत झाली. तेव्हा एखाद्या वयस्क फ्रेंच पाहुण्याला जेवायला बोलावलंत तर हे भरीत त्या दिवशी राहू द्या.

आणखी काही, थोडक्यात

थालीपीठ: एक वाटी रुटाबागाचा किस, दीड वाटी भाजणी, कांदा, तिखट, ओवा, मीठ. आधी पाणी न घालता कालवून पाच मिनिटं ठेवा, किसाला पाणी सुटतं. मग लागलं तरच शिंतोडा. भाजणी नसेल तर ज्वारीचं पीठ, कणीक आणि थोडं बेसन.

मटणाचा रस्सा: मटण शिजल्यावर कुकर उघडून मोठ्या फोडींचा शलगम घाला आणि उघड्यावरच 15-20 मिनिटं रटरटू द्या. रस्सा पितो आणि आकार सोडत नाही. उत्तरेत शलगम-गोश्त याच तत्त्वावर चालतं. काश्मीरमध्ये शलगमला गोग्जी म्हणतात. तिथे तो राजम्यातही पडतो, आधी मोहरीच्या तेलात परतून, बडीशेप आणि सुंठेची पूड घालून. बर्फाच्या दिवसांसाठी त्याच्या चकत्या दोऱ्यात ओवून वाळवतात. आपल्या सांडगे-वाळवणांची तीच बुद्धी, फक्त मे महिन्याऐवजी शरदात.

ताजं लोणचं: शलगम आणि गाजराच्या पातळ कापट्या मिळून दोन वाट्या, दोन मोठे चमचे मोहरीची डाळ, एका लिंबाचा रस, मीठ, तिखट. तेलाची हिंग-हळदीची फोडणी पूर्ण गार करून ओता. दुसऱ्या दिवशी खायला काढा, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. मोहरीची डाळ मिळाली नाही तर मोहरी भरड वाटून घ्या.

ओव्हनमध्ये भाजायचा असेल तर रुटाबागाच्या फोडींना तेल, मीठ, गोडा मसाला चोळून 200 अंशांवर 40 मिनिटं. कडा काळपट-गोड होतात, आत मऊ. कुरकुरीत होणार नाहीत, वाट बघू नका.

उपवासाला चालतो का, असं आईने विचारलं होतं. मी म्हटलं, मुळ्यातला आहे असं तूच म्हणालीस. विषय तिथेच संपला.

ठेवणं

शलगम फ्रिजमध्ये पिशवीत आठ-दहा दिवस बरा राहतो. अख्खा रुटाबागा कित्येक आठवडे राहतो, घाई नको. अर्धा कापलेला असेल तर कापलेल्या बाजूला घट्ट कागद लावा आणि आठवड्यात संपवा. उकडून कुस्करलेला रुटाबागा डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाकला तर दोन-तीन महिने चालतो. डब्यावर नाव मात्र लिहा. मी लिहिलं नव्हतं आणि पाहुण्यांसमोर पुरीबरोबर आमरस म्हणून तो वितळायला काढला होता.